दिलीप पारुळकर : एका लढाऊ-बाँबफेक्या वैमानिकाची सैनिकी कारकीर्द आणि बंदिवासाचे वर्ष

वेताळटेकडी :

भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन डी. के. पारुळकर यांचे १० ऑगस्ट २०२५ रोजी पुण्याजवळ वयाच्या ८२व्या वर्षी निधन झाले. त्या वेळी वाचलेल्या बातम्यांमध्ये बहुतेक सगळी जागा रावळपिंडीच्या युद्धबंदी शिबिरातून पळण्यासाठी भिंतीत पाडलेल्या भोकाने खाल्ली होती. भोक खरेच विलक्षण होते, त्याविषयी वाद नाही. परंतु हवाई दलात मार्च १९६३ मध्ये दाखल झालेल्या माणसाची सगळी कारकीर्द एका रात्रीत कोंबली गेली की ती रात्रही नीट समजत नाही, असे मला गेली काही वर्षे वाटत आले आहे. म्हणून हा धागा.

सुरुवात १९६५ पासून केली पाहिजे. त्या युद्धात एका हल्ल्याच्या वेळी जमिनीवरून झालेल्या माऱ्यात त्यांच्या विमानाला इजा झाली आणि त्यांच्या उजव्या खांद्याला जखम झाली. एकासनी लढाऊ विमानात उजवा हात दिशा देणाऱ्या काठीवर असतो आणि डावा इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटलवर. म्हणजे जखम नेमकी विमान वळवणाऱ्या हाताला झाली होती. विमान सोडून बाहेर पडावे असा सल्ला त्यांना मिळाला होता, तरीही त्यांनी ते मोडके विमान तळावर परत आणून उतरवले. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळाले. त्या वेळी त्यांचे वय तेवीसच्या आसपास असेल. पुढे जे घडले त्याचा गाभा मला इथेच दिसतो. समोर दोन वाटा असल्या, एक सर्वमान्य आणि दुसरी स्वतःच्या हिशेबाने शक्य वाटणारी, तर हा माणूस दुसरी निवडतो. मात्र तो हिशेब खरोखर केलेला असतो.

१९७१ मध्ये ते आदमपूरच्या २६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये सुखोई-७ उडवत होते. हे विमान भारतीय हवाई दलात १९६८ मध्ये आले आणि पश्चिम आघाडीवर रणगाडे, तोफखाना, रेल्वे आणि धावपट्ट्या यांवर मारा करण्याचे मोठे ओझे त्याच्यावर पडले. दोन ३० मिलिमीटरच्या तोफा, रॉकेट्स आणि ५०० किलोचे बाँब अशी त्याची शस्त्रे होती. जमिनीवरच्या लक्ष्यावर सूर मारताना खालच्या प्रत्येक विमानवेधी तोफेला ते विमान काही क्षण स्थिर लक्ष्य म्हणून मिळते, आणि त्या युद्धात पडलेली सुखोई विमाने प्रामुख्याने या जमिनीवरच्या माऱ्यानेच पडली. १० डिसेंबर १९७१ रोजी झफरवाल परिसरात पारुळकरांचे विमान असेच पडले, ते इजेक्ट झाले, म्हणजे आसनासकट बाहेर फेकले गेले, आणि पकडले गेले. युद्ध त्यानंतर फक्त एक आठवडा चालले.

रावळपिंडीत पाकिस्तानी हवाई दलाच्या ताब्यातील शिबिरात त्यांच्यासारखे बारा भारतीय वैमानिक हळूहळू एकत्र आले. विंग कमांडर कोएलो सर्वांत ज्येष्ठ होते. पारुळकरांच्याच स्क्वाड्रनचे धीरेंद्र जफा पाठीच्या दुखापतीमुळे प्लास्टरमध्ये होते, कामत यांच्या पायांना प्लास्टर होते. आदित्य विक्रम पेठिया यांची अवस्था इतकी वाईट होती की त्यांना मे १९७२ मध्येच परत पाठवावे लागले. जे. एल. भार्गव नया छोरजवळ पडल्यावर आपण मन्सूर अली नावाचे पाकिस्तानी वैमानिक आहोत असे सांगत वाळवंटातून बरेच अंतर चालले होते आणि शेवटी कलमा म्हणता न आल्यामुळे अडकले होते. शिबिराचा पहिला प्रमुख स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद हा माणुसकी जपणारा अधिकारी होता. १९७१ च्या नाताळला त्याने एकान्त कोठड्यांतल्या या लोकांना प्रथमच एकत्र आणले आणि केक कापवला. हे नाव लक्षात ठेवा, धाग्याच्या शेवटाकडे ते पुन्हा येते.

पकडले गेलो तर बसून राहणार नाही, हे पारुळकरांनी युद्धाच्या आधीच वरिष्ठांना सांगून ठेवले होते. तरुणपणी असे बोलणारे पुष्कळ असतात. यांनी मात्र महिनोन्महिने तयारी केली. मला तो सगळा काळ, भोक पाडण्याआधीचा, जास्त रस घेण्यासारखा वाटतो. भारताची सीमा पूर्वेला जवळ होती, पण युद्धानंतर ती सैन्याने आणि सुरुंगांनी भरलेली होती आणि पळालेल्या भारतीयाचा शोध आधी तिकडेच होणार हे उघड होते. म्हणून दिशा पश्चिमेची ठरली : ग्रँड ट्रंक रस्त्याने पेशावर, खैबर खिंड, तोरखम, आणि पलीकडे अफगाणिस्तान. नकाशा शालेय नकाशासंग्रहावरून उतरवला गेला. कामतांनी सुई चुंबकित करून होकायंत्र तयार केले. वैमानिकांच्या जी-सूटमधल्या, म्हणजे उड्डाणाच्या वेळी घालायच्या खास पोशाखातल्या, रबरी पिशव्या पाणी नेण्यासाठी वापरायच्या ठरल्या. दरमहा मिळणाऱ्या भत्त्यातून सुकामेवा आणि आटवलेले दूध साठवले गेले. या यादीत ज्यांना स्वतःला पळता येणार नव्हते त्यांचा हात किती आहे ते पाहा.

कोठडी क्रमांक ५ ची मागची भिंत चाकू, कात्री अशा क्षुल्लक हत्यारांनी रात्री-रात्री पोखरली गेली. १२ आणि १३ ऑगस्ट १९७२ च्या मधल्या रात्री वादळ सुटले, पहारेकऱ्याचे लक्ष उडाले, आणि पारुळकर, मालविंदर सिंग गरेवाल व हरीश सिंहजी असे तिघे त्या भोकातून बाहेर पडले. १४ ऑगस्टचा पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन तोंडावर होता, हेही त्यांनी हिशेबात धरले होते. बसने पेशावर, टांग्याने जमरुद, पुन्हा बसच्या टपावरून लंडी कोतल, असा प्रवास होऊन सकाळी साडेनऊच्या सुमारास ते सीमेपासून सुमारे चार मैलांवर उभे होते.

तिथे त्यांनी लंडी खानाला जायला वाहन मिळेल का, असे विचारले. लंडी खाना त्यांच्या नकाशावर रेल्वेचे शेवटचे स्थानक होते, सीमेला अगदी लागून. प्रत्यक्षात ते स्थानक कित्येक वर्षांपूर्वी बंद झाले होते. तहसील कचेरीतल्या एका कारकुनाला संशय आला, त्याने त्यांना अडवले आणि प्रकरण संपले.

पुढचे मी प्रतिसादांत लिहीन. चर्चेसाठी एक मुद्दा मांडतो : हा प्रयत्न नकाशाच्या चुकीमुळे फसला असे सगळीकडे लिहिले जाते. मला ते अपुरे वाटते.

चिकित्सक_पंत :

लेख आवडला. पण शीर्षकात आपण 'बाँबफेकी विमानाचा वैमानिक' असे लिहिले आहे, ते दुरुस्त करावे. सुखोई-७ हे लढाऊ-बाँबफेकी विमान होते. आपल्याकडे निव्वळ बाँबफेकी म्हणावे असे विमान त्या काळात कॅनबेरा होते, दोन इंजिनांचे आणि वैमानिकाबरोबर नॅव्हिगेटर असलेले. हा फरक शब्दांचा नाही. २१ सप्टेंबर १९६५ रोजी एक कॅनबेरा शत्रूच्या एफ-१०४ या लढाऊ विमानाने क्षेपणास्त्राने पाडले. वैमानिकाला इजेक्शन सीट होती, तो बाहेर पडला आणि युद्धबंदी झाला. त्या प्रकारच्या कॅनबेरात नॅव्हिगेटरला इजेक्शन सीटच नव्हती. तो वाचला नाही. सुखोईचा वैमानिक एकटा असतो, बाहेर पडण्याचा निर्णय फक्त स्वतःसाठी घेतो. १९६५ मध्ये पारुळकरांनी विमान न सोडण्याचा निर्णय घेतला त्याचे मूल्यमापन करताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

निवृत्त_फिटर :

मी १९७६ मध्ये हवाई दलात एअरफ्रेम फिटर म्हणून लागलो आणि पहिली काही वर्षे सुखोई-७ वरच काढली. युद्ध मी पाहिले नाही, पण युद्ध पाहिलेली विमाने मात्र हाताळली. त्यामुळे विमानाविषयी दोन शब्द लिहितो.

या विमानाचे तोंड म्हणजे एक मोठी नळी, पुढे हवा आत, मागे आग बाहेर, आणि मध्ये कुठेतरी माणूस बसवलेला. इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर लावला की इंधन असे जायचे की आम्ही खालचे लोक गमतीने म्हणायचो, हे विमान टँकरला बांधूनच उडवायला हवे. उतरताना शेपटीकडून ब्रेकचे पॅराशूट सुटायचे. ते धावपट्टीवरून गोळा करून आणणे, वाळवणे आणि घट्ट घडी घालून पुन्हा बसवणे हे नव्या पोराचे काम असे. पावसाळ्यात ओले पॅराशूट किती जड होते ते ज्याने उचलले त्यालाच कळेल.

मात्र विमान दणकट होते. आमच्या हँगरमध्ये एक जुने विमान होते, त्याच्या शेपटीच्या पत्र्यावर पॅच शेजारी पॅच, रिव्हेटच्या रांगा वेड्यावाकड्या. आमचे वॉरंट ऑफिसर सांगायचे की युद्धात विमान परत आले की आधी खडूने प्रत्येक भोकाभोवती गोल काढायचा आणि मोजायचे. मोजणी झाल्याशिवाय पत्रा कापायचा नाही, कारण एखादे भोक आत जाते आणि बाहेर येतच नाही. म्हणजे तुकडा आत कुठेतरी राहिलेला असतो. शेपटीचा भाग उडालेले एक सुखोई त्या युद्धात परत येऊन सुखरूप उतरले होते, त्याचे छायाचित्र आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. पारुळकरांचे विमान ज्या दिवशी परत आले नाही त्या दिवशी त्याला फार वर्मी लागले असणार, एवढेच मी अनुभवावरून म्हणू शकतो.

माणदेशी :

कदाचित माझे मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. सिमला करार २ जुलै १९७२ रोजी झाला होता. लढाई थांबून आठ महिने होत आले होते. भारताकडे ९३,००० पाकिस्तानी बंदी होते, म्हणजे आपल्या लोकांची सुटका आज ना उद्या होणार हे नक्की होते. अशा वेळी तिघांनी पळून जाऊन मागच्या आठ जणांना, त्यातल्या जायबंदी माणसांना, पहारेकऱ्यांच्या रागाच्या हवाली करणे योग्य होते का? पुढे त्या सर्वांना लायलपूरच्या तुरुंगात हलवण्यात आले आणि रावळपिंडीतली सैल शिस्त संपली, हे तर नोंदलेलेच आहे. धाडसाला सलाम आहेच. पण धाडसाची किंमत दुसऱ्यांनी मोजली की त्याला काय म्हणायचे?

वेताळटेकडी :

@माणदेशी, आपला प्रश्न रास्त आहे आणि तो त्या शिबिरातही विचारला गेला होता. सगळ्यांनाच ही योजना पटलेली नव्हती. सुटका जवळ आली आहे, असे मानणारे तिथेही होते.

परंतु 'आज ना उद्या' हे आपल्याला आज माहीत आहे. सिमला करारात बंद्यांच्या सुटकेची तारीख नव्हती, तो विषय पुढच्या बोलण्यांवर सोडलेला होता. १७ डिसेंबर १९७१ ला शस्त्रसंधी झाली आणि ऑगस्ट १९७२ उजाडला तरी हे लोक कोठडीतच होते. ९३,००० चा आकडा आपल्याला आधार वाटतो, पण कोठडीत बसलेल्या माणसाला तोच आकडा उलटा दिसत असला पाहिजे : एवढा मोठा सौदा अडला असेल तर त्यात आपण अकरा जण कितीसे? पूर्व आघाडीवर पकडलेल्या त्या ९३,००० बंद्यांचा प्रश्न सुटायला ऑगस्ट १९७३ चा दिल्ली करार यावा लागला.

मागे राहिलेल्यांना त्रास झाला, हे मान्य करतो. ते ओझे या तिघांच्या नावावर आहेच. फक्त एक गोष्ट विसरू नये. मागे राहणाऱ्यांपैकी ज्यांनी मदत केली त्यांनी ती डोळे उघडे ठेवून केली. प्लास्टरमधल्या माणसाने होकायंत्र बनवले ते स्वतःसाठी नव्हते.

कलम_९१ :

वकिली पेशातली असल्यामुळे कायद्याची बाजू मांडते, कारण या चर्चेत ती हमखास गळते.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार पळून जाण्याचा प्रयत्न करणे हा गुन्हा नाही, शिस्तभंग आहे. कलम ९२ प्रमाणे पुन्हा पकडलेल्या बंद्याला फक्त शिस्तभंगाची शिक्षा देता येते आणि कलम ९० प्रमाणे ती ३० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. पारुळकर आणि त्यांच्या दोन साथीदारांना परत आणल्यावर ३० दिवस एकान्तात ठेवले गेले. हा आकडा कोणाच्या लहरीतून आलेला नाही. कलम ९३ त्याच्याही पुढे जाते : केवळ पळणे सोपे व्हावे म्हणून, कोणाच्या जिवाला धोका न करता, साधे नागरी कपडे घालणे किंवा खोटे कागद वापरणे यालाही तेवढीच शिक्षा. आणि @माणदेशी यांच्या मुद्द्याशी थेट संबंध असलेली गोष्ट म्हणजे, मदत करणाऱ्या बंद्यांनाही शिस्तभंगापलीकडची शिक्षा देता येत नाही.

कलम ९१ सांगते की पळणे यशस्वी कधी मानायचे. बंदी स्वतःच्या सैन्यात पोहोचला, किंवा पकडणाऱ्या सत्तेच्या ताब्यातला प्रदेश त्याने सोडला, की तो सुटला. म्हणजे त्यांना दिल्लीला पोहोचायची गरज नव्हती. तोरखमची सीमा ओलांडून अफगाण मातीवर एक पाऊल पडले असते तर कायद्याच्या दृष्टीने काम पूर्ण झाले असते. पश्चिमेची दिशा निवडण्यामागचा हिशेब त्यामुळे किती नेमका होता, ते कळते.

आणखी एक. कलम ११८ म्हणते की प्रत्यक्ष लढाई थांबल्यावर बंद्यांना विनाविलंब सोडले पाहिजे. ते बंधन दोन्ही देशांवर होते आणि दोन्ही देशांनी ते राजकारणासाठी ताणले, हे आपण प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. भत्त्याविषयी म्हणाल तर कलम ६० मध्ये कॅप्टनच्या बरोबरीच्या अधिकाऱ्याला दरमहा ५० स्विस फ्रँक ठरवले आहेत. सुकामेवा आणि आटवलेले दूध त्यातूनच आले. थोडक्यात, पाकिस्तान सरकारने जिनिव्हा कराराचे पालन करून या पलायनाला शिदोरी पुरवली!

रुळांवरून :

लंडी खानाविषयी कोणी लिहील म्हणून दोन दिवस वाट पाहिली. आता राहवत नाही.

खैबर रेल्वे जमरुद ते लंडी कोतल नोव्हेंबर १९२५ मध्ये सुरू झाली. ३४ बोगदे, ९२ पूल आणि चढ चढण्यासाठी गाडीची दिशा उलटवणारी स्थानके. ज्यांना भोर घाटातले खंडाळ्याचे जुने रिव्हर्सिंग स्टेशन माहीत आहे त्यांना कल्पना येईल, आपले ते १९२९ मध्ये नवा मार्ग झाल्यावर बंद पडले. लंडी कोतलच्या पुढे, खिंडीच्या उतारावर, अफगाण सीमेकडे लंडी खानापर्यंतचा तुकडा १९२६ मध्ये उघडला आणि १९३२ मध्ये बंद झाला. म्हणजे जेमतेम सहा वर्षे तिथे गाडी गेली. त्यानंतर चाळीस वर्षांनी तीन वैमानिक त्या स्थानकाचे नाव घेऊन वाहन शोधत होते.

इथे एक बारीक गोष्ट आहे. रेल्वे बंद पडली तरी छापील नकाशातून ती लगेच जात नाही. शालेय नकाशा करणारा आधीच्या आवृत्तीवरून रेघ ओढतो आणि सीमेजवळच्या आडगावातल्या बंद स्थानकाची चौकशी करायला कोणी जात नाही. मोठ्या शहराचे नाव चुकले तर शंभर पत्रे येतात, लंडी खानासाठी कोण लिहिणार? तेव्हा नकाशा जुना असणे हा योगायोग नव्हता. सीमाभागातल्या तपशिलातच नकाशे सगळ्यात जास्त शिळे असतात आणि यांना नेमका तोच तपशील हवा होता.

मात्र कारकुनाला आलेल्या संशयाचे कारण निव्वळ स्थानक नव्हते, असे मला वाटते. स्थानिक माणूस जुन्या नावाने जागा विचारतो, तेव्हा तो म्हातारा असतो. ज्या पंचविशी-तिशीतल्या तिघांनी ते नाव घेतले त्यांनी ते ऐकलेले नसून वाचलेले आहे, हे लगेच ध्यानात येते. आपल्याकडेही कोणी तरुण 'बोरीबंदरला जायचे आहे' म्हणाला तर मान वर करून पाहिले जाईलच.

वेताळटेकडी :

@रुळांवरून, वाट पाहायला लावल्याबद्दल क्षमस्व, पण प्रतिसाद मोलाचा आहे. मला जे म्हणायचे होते त्याच्या अगदी जवळ आपण आला आहात.

१९७२ मध्ये पश्चिम पाकिस्तानात अडकलेले हजारो बंगाली लोक होते. बांगलादेश झाल्यावर त्यांचे भवितव्य टांगणीला लागले आणि त्यातले पुष्कळ जण याच खैबरच्या वाटेने चोरून अफगाणिस्तानात उतरत होते. लंडी कोतलमधल्या त्या कारकुनाला हे तिघे भारतीय वैमानिक असतील असे स्वप्नातही वाटले नव्हते. त्याला ते पळणारे बंगाली वाटले. म्हणजे हा सापळा यांच्यासाठी लावलेलाच नव्हता. रावळपिंडीत बसून पहारा, वादळ, सुट्टी, कपडे, बस, भाषा या सगळ्यांचा विचार झाला. परंतु त्याच युद्धातून जन्मलेली दुसरी एक माणसांची धार आधीच त्या वाटेने वाहते आहे आणि त्यामुळे तिथला प्रत्येक कारकून परक्या चेहऱ्याकडे टवकारून पाहतो आहे, हे कोठडीतून कळण्याचा मार्ग नव्हता. १९३२ चे स्थानक केवळ निमित्त झाले. म्हणून 'नकाशाची चूक' हे उत्तर मला अपुरे वाटते.

रस्ता सोडून डोंगरातून चालत का गेले नाहीत, असे काही ठिकाणी विचारलेले दिसते. त्या टोळीप्रदेशात सरकारी कायदा रस्त्यापुरताच होता. रस्त्याच्या कडेपलीकडे टोळ्यांचा अंमल आणि प्रत्येक घरात बंदूक. दिवसाढवळ्या तीन अनोळखी माणसे रान तुडवत निघाली असती तर कारकुनापर्यंत पोहोचलीच नसती.

चिकित्सक_पंत :

पुढे काय झाले ते आपण अजून लिहिलेले नाही.

वेताळटेकडी :

लिहितो. तिघांनी आपली ख्रिस्ती व मुसलमान नावे आधीच ठरवून ठेवली होती आणि आपण पाकिस्तानी हवाई दलातले आहोत, सुट्टीवर फिरायला आलो आहोत, असे सांगितले. ते टिकेना. प्रकरण पोलिटिकल एजंटपर्यंत, म्हणजे टोळीप्रदेशातल्या सरकारी प्रमुखापर्यंत गेले. त्या भागात बंगाली किंवा भारतीय हेर समजून परस्पर निकाल लागण्याची भीती खरी होती. अशा क्षणी पारुळकरांनी पाकिस्तानी हवाई दलप्रमुखांच्या एडीसीला (खास मदतनीस अधिकाऱ्याला) दूरध्वनी लावण्याची मागणी केली.

तो एडीसी म्हणजे उस्मान हमीद. नाताळचा केक कापवणारा शिबिरप्रमुख मधल्या काळात त्या पदावर गेला होता आणि हे पारुळकरांच्या लक्षात होते. दूरध्वनी जोडला गेला, पारुळकरांनी आपण कुठे आहोत ते सांगितले. हमीद यांनी पोलिटिकल एजंटला ही आपली माणसे आहेत, त्यांना कोठडीत ठेवा पण हात लावू नका, अशा अर्थाचे बजावले. त्या एका संभाषणाने तिघांचे प्राण वाचले असावेत, असे माझे मत आहे.

१९६५ च्या प्रसंगाशी मी याची सांगड घालतो ती अशी. विमान पडते आहे, सीट ओढायची की नाही, हे काही क्षणांत ठरवायचे असते. लंडी कोतलमध्ये योजना पडत होती आणि खोटे नाव पुढे रेटायचे की सोडायचे, हे तितक्याच वेळात ठरवायचे होते. पहिल्या वेळी त्यांनी सोडले नाही, दुसऱ्या वेळी सोडले. दोन्ही निर्णय बरोबर ठरले. आडदांड धाडसी माणसाला दुसरा निर्णय जमत नाही.

आजीचा_ट्रान्झिस्टर :

मी या विषयातली जाणकार नाही, पण घरातली एक गोष्ट इथे बसते. डिसेंबर १९७१ मध्ये आम्ही हवाई दलाच्या वसाहतीत राहत होतो, मी सात वर्षांची होते. पाकिस्तान रेडिओवरून पकडलेल्या भारतीयांची नावे वाचून दाखवत. अधिकृतपणे कोणी ऐकत नव्हते आणि घरोघरी ऐकले जात होते. शेजारच्या काकू स्वयंपाकघरात ओट्यावर ट्रान्झिस्टर ठेवून, कानाशी हात धरून, शाळेच्या वहीत नावे उतरवीत. खरखरीत नाव अर्धे येई, पंजाबी आडनाव मराठी वळणाने लिहिले जाई, आणि मग ती वही चार घरांत फिरे. नाव आले की त्या घरी रडारड होई आणि ती आनंदाची असे, हे मला तेव्हा समजत नसे. पकडला गेला म्हणजे जिवंत आहे.

याच कारणाने फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे यांची आठवण या धाग्यात व्हायला हवी. तेही सुखोईचेच वैमानिक होते, ५ डिसेंबरला शोरकोटवर पडले. पकडलेल्या वैमानिकांच्या एका बातमीत त्यांच्या आडनावाशी जुळणारे नाव छापून आले, पण बंद्यांच्या अधिकृत यादीत ते कधीच आले नाही. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय पातळीवरच्या बॅडमिंटनपटू होत्या. त्यांनी आयुष्यभर शोध चालवला. रावळपिंडीचे बारा जण आणि तांबे यांच्यामध्ये फरक होता तो यादीतल्या एका ओळीचा.

कलम_९१ :

@आजीचा_ट्रान्झिस्टर, अगदी खरे आहे. यादीत नोंद झाली की रेड क्रॉसची भेट, पत्रे, भत्ता, हे सगळे त्यामागून येते. नोंदच नसेल तर करारातले एकही कलम त्या माणसापर्यंत पोहोचत नाही.

माणदेशी :

माझा आक्षेप पूर्ण मावळलेला नाही, पण फोनचा प्रसंग मला माहीत नव्हता. सुटकेनंतर त्यांचे काय झाले? अशा माणसाला पुन्हा उडू दिले का, की टेबलावर बसवले?

वेताळटेकडी :

१ डिसेंबर १९७२ रोजी वाघा सीमेवर पश्चिम आघाडीच्या बंद्यांची अदलाबदल झाली. सहाशेहून अधिक भारतीय परत आले, त्यांत हे उरलेले सगळे वैमानिक होते. म्हणजे भोकाच्या रात्रीनंतर साडेतीन महिन्यांनी दरवाजा उघडला. @माणदेशी यांच्या बाजूने हा मुद्दा जातो, हे मान्य करतो.

पारुळकरांची कारकीर्द त्यानंतरही बरीच लांब चालली. एकूण सेवेत त्यांनी हवाई दल अकादमीत उड्डाण प्रशिक्षक म्हणून काम केले, दोन वर्षे सिंगापूरमध्ये काढली आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत बटालियन कमांडर होते. विशिष्ट सेवा पदक त्यांना त्या जबाबदारीच्या काळात मिळाले. ग्रुप कॅप्टन म्हणून ते निवृत्त झाले. पदकांच्या बाबतीत गमतीची गोष्ट अशी की वायुसेना पदक १९६५ च्या उड्डाणासाठी आहे, विशिष्ट सेवा पदक नंतरच्या कामासाठी. लोकांना जी रात्र आठवते ती त्या दोन पदकांच्या मधल्या काळातली आहे.

रुळांवरून :

@निवृत्त_फिटर, आत गेलेल्या आणि बाहेर न आलेल्या भोकाबद्दल आणखी लिहा ना, वेगळ्या धाग्यावर.

निवृत्त_फिटर :

लिहीन. त्या विमानांच्या पॅराशूटसाठीही एक धागा लागेल.

वेताळटेकडी :

@चिकित्सक_पंत, आपला आक्षेप मान्य करून शीर्षकात 'बाँबफेकी विमानाचा' च्या जागी 'लढाऊ-बाँबफेक्या' असा बदल केला आहे. वरील प्रतिसादांतला जुना उल्लेख तसाच ठेवला आहे, नाहीतर आपला प्रतिसाद निराधार दिसेल.